चाक बदलले, आस तशीच राहिली : सातारा-सांगलीच्या वाहतुकीचा दुर्लक्षित हिशोब

१/
वाहतुकीचा इतिहास सांगताना चाकाचे कौतुक होते. आसाची आठवण क्वचितच कोणी काढते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत लोखंडी धावेचे लाकडी चाक रुळले, मग रबरी टायर आले, ट्रक आले, ट्रकचे टायरही मोठे होत गेले. प्रत्येक टप्प्याची नोंद ‘प्रगती’ या एकाच शब्दात झाली. या धाग्याचे म्हणणे थोडे वेगळे आहे. चाक बदलले आणि त्यासोबत बाकीचे गणित बदलले नाही, तर उरलेला फरक नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसतो. तो खांदा कोणाचा, हा इतिहासाने विचारायचा प्रश्न आहे.

२/
आधी यंत्राचे गणित, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. ट्रकच्या मागच्या आसाच्या मध्यभागी दोन दातेरी चक्रे असतात. लहान ते पिनियन, मोठे ते क्राउन. इंजिनाकडून येणारा दांडा पिनियन फिरवतो आणि पिनियन क्राउनला फिरवते. समजा पिनियनला ६ दाते आहेत आणि क्राउनला ३७. म्हणजे दांडा ६.१७ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. वेग कमी होतो, पण त्याच प्रमाणात ओढण्याचा जोर वाढतो. वेग देऊन जोर विकत घेण्याचा हा व्यवहार आहे आणि ६.१७ हा त्याचा भाव.

३/
आता त्याच ट्रकला १० टक्के अधिक व्यासाचे टायर बसवले, असे धरू. चाकाच्या एका फेरीत ट्रक आता १० टक्के जास्त अंतर जातो. वरवर पाहता हा फायदाच. पण इंजिन तेच, दाते तेच. आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर वाढल्यामुळे टायर जमिनीला ज्या जोराने ढकलतो तो सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. वेगदर्शक काट्याला चाक बदलल्याची खबरच नसते. काटा ५० दाखवतो तेव्हा ट्रक ५५ च्या वेगाने धावत असतो.

४/
याहून गंभीर बाब उताराची आहे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या अटकावाने वेग धरून ठेवायचा, हा अनुभवी चालकांचा नियम : ज्या गिअरमध्ये चढायचे, त्याच गिअरमध्ये उतरायचे. मोठ्या टायरमुळे इंजिनाचा हा अटकावही त्याच प्रमाणात दुबळा होतो. ब्रेकचा ड्रम तेवढाच राहतो, त्याला आवरायचे चाक मात्र मोठे झालेले असते. म्हणजे चढावर जे ९ टक्के हरवले, ते उतारावरही हरवले. चढावर हरवले तर गाडी थांबते. उतारावर हरवले तर थांबत नाही.

५/
उपाय सोपा आणि जुना आहे. टायर १० टक्क्यांनी वाढला तर आसाचे प्रमाणही तेवढेच वाढवायचे. ६.१७ ला १.१० ने गुणले की ६.७९ येतात. ६ आणि ४१ दात्यांची जोडी ६.८३ देते, हिशोब जवळजवळ जमला. यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलतात. दोघांचे दाते एकमेकांवर घासून बसवलेले असतात. एक नवे आणि एक जुने ठेवले तर दोन्ही खराब होतात. गॅरेजमधल्या कोणत्याही मिस्त्रीला ठाऊक असलेले हे तत्त्व धोरण आखणाऱ्यांनी मात्र वारंवार विसरलेले दिसते.

६/
इथून इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत दख्खनची बहुतेक लांबची वाहतूक चाकावर नव्हे, पाठीवर चाले. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट उतरत आणि कोकणातले मीठ घेऊन वर येत. गाड्या होत्या, पण मोजक्या. भरीव, बोजड चाकांच्या, एका बैलजोडीला न झेपणाऱ्या. हे मागासलेपण होते असे सरसकट म्हणता येत नाही. कुंभार्लीसारख्या घाटातल्या पाऊलवाटेला पाठीवरचा बैल हेच जुळणारे वाहन होते. वाट आणि वाहन यांचे प्रमाण तिथे बरोबर बसले होते.

७/
१८३० च्या दशकात इंदापूर-सोलापूर भागात महसुली मोजणीचे काम सुरू झाले. त्या खात्याच्या अधिकाऱ्यांना गाडीची उणीव जाणवली आणि टेंभुर्णीला सुधारित बैलगाडीचा कारखाना निघाला. लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने तो सांभाळला. एका जोडीने ओढावी अशी हलकी, आऱ्यांच्या चाकांची गाडी हळूहळू सर्वत्र पसरली. सातारचे राज्य १८४८ मध्ये कंपनीने खालसा केले, त्यानंतर इथले रस्ते आणि गाड्या जोडीनेच वाढल्या. या प्रसंगी चाक, आस, बैल आणि रस्ता या चारही गोष्टींचा एकत्र विचार झाला होता. म्हणूनच ती गाडी शंभर वर्षे टिकली.

८/
बैलगाडीला गिअर नसतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा. लाकडी चाकाचा व्यास समजा दीड मीटर आहे आणि आतला लोखंडी आस ५ सेंटिमीटर जाडीचा. हे प्रमाण ३० ला १ होते. आस आणि तुंबा यांच्यातले घर्षण जमिनीवर पोचेपर्यंत तिसाव्या हिश्शावर येते. उंच चाक हा बैलाचा गिअरच होता. सुताराने चाक उंच केले ते शोभेसाठी नव्हे. आरे, तुंबा, पाटे आणि वर लाल तापवून बसवलेली, पाण्याने आवळलेली लोहाराची धाव, या साऱ्यांत बैलाच्या ताकदीचा हिशोब मुरलेला होता. तो कागदावर नव्हता, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत आला नाही.

९/
सांगली जिल्ह्यातले पुढचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवला. ‘लोखंडाने जमीन नासते’ या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट अंधश्रद्धेचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण खोल जाणाऱ्या नांगराला ओढही जास्त लागते. एका जोडीच्या धन्याला हा नांगर म्हणजे दुसऱ्याची जोडी उसनी आणणे. आक्षेप चुकीच्या शब्दांत मांडला गेला असेल. त्यामागची शंका अवजार आणि बैल यांच्या प्रमाणाची होती. अशा शंका अडाणीपणाच्या खात्यात टाकणे इतिहासकारांनी थांबवायला हवे.

१०/
मग हिशोब नीट जुळवणारे कोणीच नव्हते का? होते; आणि त्यांचा रूळ मिरजेपर्यंत आला होता. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी रुंदीची ही रेल्वे १८९७ मध्ये सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. या भागात तिची आठवण ‘हळू चालणारी छोटी गाडी’ म्हणून काढली जाते. अभियांत्रिकीच्या इतिहासात मात्र ती वेगळ्या कारणाने मानाची आहे.

११/
कॅल्थ्रॉपने सुरुवातच आसापासून केली. कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, मग तो आस इंजिनाचा असो वा वाघिणीचा, असे त्याने ठरवले. त्या एका आकड्यावरून रूळ किती जाडीचा, पूल किती भक्कम, वाघीण किती लांब, इंजिनाचे वजन किती आसांवर वाटायचे, हे सारे ठरले. रूळ हलके राहिले, तरी माल भरपूर वाहिला गेला. इंजिन वेगळे, रूळ वेगळे आणि पूल वेगळे असे तुकड्यांत विचार न करता त्याने पूर्ण जोडीच बदलली. ही कंपनी १९५४ पर्यंत चालली आणि मग सरकारने ताब्यात घेतली. आसाचा विचार आधी आणि चाकाचा नंतर केला की काय साधते, याचा इतका स्वच्छ दाखला या परिसरात दुसरा नाही.

१२/
आता ज्या बदलाची फळे आजही समोर दिसतात तिकडे वळू. १९५० मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत कृष्णाकाठ कारखान्यांनी भरून गेला. सांगलीचा शेतकरी कारखाना, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, कराडजवळचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, भुईंजचा किसन वीर. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळला जाईल तितके त्याचे वजन आणि उतारा घटतो. म्हणून वाहतुकीला घाई आली. आणि त्या घाईवर स्वार होऊन आली टायरगाडी, गावोगावची ‘डनलॉप’.

१३/
टायरगाडीत उंच लाकडी चाक गेले, त्याजागी ठेंगणे रबरी चाक आणि आत बेअरिंग आले. सपाट रस्त्यावर हा बदल चमत्कारासारखा होता. ढोबळ हिशोब असा : धावेच्या चाकाची २ टनांची गाडी कच्च्या वाटेवर ओढायला वजनाच्या साधारण ५ टक्के, म्हणजे १०० किलोचा जोर लागतो. टायरगाडी चांगल्या रस्त्यावर २ टक्क्यांत, म्हणजे ४० किलोत चालते. बैल दिवसभर आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका जोर लावू शकतो. ४०० किलोच्या दोन खिलार बैलांची जोडी म्हणजे ८० किलो. लाकडी चाकावर जी जोडी अपुरी पडत होती, तिला टायरवर निम्मी ताकद शिल्लक राहू लागली.

१४/
ही शिल्लक कोणाची, हा प्रश्न इथेच निर्माण होतो. बैलाला विश्रांती देण्यासाठी ती वापरता आली असती. वापरली गेली जास्त ऊस भरण्यासाठी. शिवाय हा फायदा फक्त सपाटीचा आहे. १० मीटरला १ मीटर चढ आला की २ टनांची गाडी वर ओढायला २०० किलोचा जोर निव्वळ उंचीसाठी लागतो. त्यात टायरची काहीच मदत होत नाही. गुरुत्वाकर्षणाला चाक लाकडाचे की रबराचे याच्याशी देणेघेणे नसते. एकूण २४० किलो आणि जोडीची टिकाऊ ताकद ८०. उरलेले १६० किलो बैल छातीच्या आणि खांद्याच्या जोरावर काही क्षण काढतो, आणि त्या क्षणांची किंमत नंतर मोजतो.

१५/
उतारावर तर उलटेच घडते. धावेच्या चाकाचे घर्षण त्रासदायक होते, पण उतारावर तेच ब्रेकचे काम करी. २०० किलोच्या ढकलण्यातून १०० किलो तेच खाई; बैलाच्या मानेवर १०० येत. टायरगाडीत घर्षण फक्त ४० किलो, म्हणून जुवावर १६० येतात. चाक सुधारल्यामुळे उतार अधिक अवघड झाला. थांबलेल्या गाडीच्या चाकामागे दगडाची उटी लावता येते, चालत्या गाडीला ती लावता येत नाही. ट्रकच्या मोठ्या टायरची आणि ठेंगण्या टायरगाडीची गोष्ट इथे एकत्र येते : दोन्हींत चाक बदलले, अटकाव तसाच राहिला.

१६/
कायद्याला याची जाणीव नव्हती असे नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांविषयीचे केंद्राचे १९६५ चे नियम वाचण्याजोगे आहेत. त्यांत ३५० किलोंहून जड बैलासाठी दुचाकी गाडीची कमाल मर्यादा अशी दिली आहे : साध्या चाकांवर ९०० किलो, हवेच्या टायरवर १३५० किलो, बॉल बेअरिंग असल्यास १८०० किलो. म्हणजे चाक आणि आस बदलला की कायद्याने बैलाचे ओझे दुप्पट होऊ दिले. चढाचा विचारही आहे. किमान १ किलोमीटर लांबीचा आणि ३० मीटरमागे ३ मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर मर्यादा निम्मी होते. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांपेक्षा जास्त नको, ३७ अंशांवर तापमान असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये, हेही त्यात आहे.

१७/
हे नियम दयाळू आहेत, पण त्यांचे गणित सपाटीचे आहे. कृष्णाकाठचा ऊसपट्टा बहुतांशी सखल आहे. तिथे किलोमीटरभर लांबीचा खडा चढ सहसा लागत नाही. लागतो तो शेतातून रस्त्यावर चढतानाचा वीस-तीस मीटरचा चढ, ओढ्याची उतरण, पुलाकडे जाणारा भराव. नेमक्या याच ठिकाणी बैल गुडघ्यावर येतो आणि नेमकी हीच ठिकाणे नियमाच्या किलोमीटरमधून निसटतात. शिवाय नियम पाळला गेला तरी त्याने चाकाच्या सुधारणेचा सगळा लाभ ओझ्याच्या खात्यात टाकला. त्यातला थोडासुद्धा बैलाच्या खात्यात ठेवला नाही.

१८/
दोष गाडीवानाचा आहे का? घाईने तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तोडणी आणि वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो. मराठवाड्यातून आलेली जोडपी मुकादमाची उचल फेडण्यासाठी हंगाम काढतात. कारखान्याच्या वजनकाट्यावर बैलाचा दम मोजला जात नाही, ऊस मोजला जातो. ज्याला टनावर पैसे मिळतात तो एक खेप वाचवण्यासाठी चार मोळ्या जास्त रचणारच. फरकाचे ओझे आधी बैलाच्या खांद्यावर येते आणि बैल बसला की तेच ओझे त्या कुटुंबावर येते. बैल आणि गाडीवान या साखळीत एकाच बाजूला उभे आहेत.

१९/
ट्रकची कथा याच वाटेने जाते, फक्त आकडे मोठे होतात. पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी, पाटणहून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली, हे सारे रस्ते हलक्या गाड्यांच्या काळात आखले गेले. पुढे ते रुंद झाले, डांबरी झाले, खंबाटकीला बोगदाही झाला. पण डोंगराची उंची तेवढीच राहिली. दरम्यान ट्रकचे इंजिन वाढले, टायर वाढले, हौदाच्या फळ्या उंच झाल्या. जिथे कारखान्यातच ही सारी जुळणी होते तिथे आसाचे प्रमाणही बदलले जाते. जिथे बदल रस्त्याकडेला होतो तिथे टायर बदलतो आणि क्राउन-पिनियन तसेच राहतात, कारण टायर डोळ्यांना दिसतो आणि आस दिसत नाही.

२०/
मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, ते याच कारणाने योग्य आहे. मात्र भाराची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसावरचा मान्य भार १०.२ टनांवरून ११.५ टन झाला, म्हणजे सुमारे १३ टक्के वाढ. नव्या ट्रकची बांधणी आणि रस्ते सुधारले, हे त्यामागचे समर्थन खोटे नाही. पण प्रत्येक घाट, प्रत्येक जुना पूल आणि प्रत्येक थकलेला ब्रेक त्याच दिवशी १३ टक्क्यांनी सुधारला, असे कोणी म्हणणार नाही. कॅल्थ्रॉपने ५ टनांपासून सुरुवात करून पूल बांधले. इथे पूल आधी बांधले आणि टन नंतर वाढवले.

२१/
यावर दोन आक्षेप येतील. पहिला : टायर आले नसते तर बैलांचे हाल अधिक झाले असते. हे खरे आहे आणि मान्यच करायला हवे. खड्ड्यांचे हादरे कमी झाले, सपाटीवरची ओढ निम्म्याहून खाली आली. या धाग्याचा विरोध टायरला नाही, अर्धवट बदलाला आहे. टायरसोबत गाडीला साधा हातब्रेक, भाराची खरी तपासणी आणि शेतातून बाहेर पडण्याच्या चढावर जादा जोडी, इतके सक्तीचे झाले असते तर तोच बदल पूर्ण ठरला असता. यातले काहीही १९६५ मध्ये अशक्य नव्हते.

२२/
दुसरा आक्षेप उलट बाजूचा : जुनेच बरे होते, लाकडी गाडीतच सारे शहाणपण होते. हा मोहही टाळावा. भरीव चाकांची बोजड गाडी जुनीच होती आणि ती बैलांना मारकच होती. टेंभुर्णीची गाडी त्या काळी अगदी नवी होती. बार्शी रेल्वे तर परदेशी अभियंत्याची. शहाणपण जुन्यात किंवा नव्यात नसते, जुळणीत असते. नव्याची पूजा करणारा आणि जुन्यासाठी हळहळणारा, दोघेही चाकच पाहतात.

२३/
म्हणून स्थानिक इतिहासात रस असणाऱ्या तरुणांनी आपल्या गावात वेगळे प्रश्न विचारावेत. गावात पहिली टायरगाडी कधी आली, याची नोंद करताना त्यानंतर एका खेपेला किती मोळ्या जाऊ लागल्या, हेही विचारावे. शेवटची धाव कोणत्या लोहाराने बसवली, कोणत्या ओढ्यावर जादा जोडी जुंपावी लागे, घाटात कोणत्या वळणावर ट्रक थांबवून ब्रेक गार करत, हेही लिहून घ्यावे. हे सांगू शकणारी माणसे आता वयस्कर झाली आहेत. कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळपाचे टन मिळतील, या प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत.

२४/
सातारा-सांगलीकडे पोळ्याऐवजी बेंदूर साजरा होतो. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळण करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. या रिवाजाकडे भाबडी कृतज्ञता म्हणून पाहिले जाते. पण ज्या समाजाने हा रिवाज घडवला त्याला फरक कुठे जाऊन बसतो हे नक्की ठाऊक होते, म्हणून त्याने शिंगांच्या रंगाआधी खांद्याला हात लावला. आज चाक, आस, टन आणि टक्के ठरवणाऱ्यांनी निर्णयाआधी तोच हात लावून पाहावा. बेंदराच्या आदल्या संध्याकाळची वाट त्यासाठी पाहायची गरज नाही.